शितावरून भाताची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बासमतीचा मोकळा भात’ हा विषय वाचून काही जणींना हसू आले असेल. भात करण्यात शिकण्यासारखे ते काय? तांदूळ धुवावेत, पाणी घालावे, शेगडीवर ठेवावे, झाले! परंतु भगिनींनो, जे काम आपण रोज करतो त्याच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी असते. शिवाय ह्या साध्या भातावरून घरोघरी जितकी बोलणी ऐकावी लागतात तितकी पुरणपोळीवरून लागत नाहीत. पुरणपोळी फाटली तर लोक म्हणतात, अवघड पदार्थ आहे, व्हायचेच. भात बिघडला तर म्हणतात, हिला साधा भातसुद्धा येत नाही! म्हणून मी आज कृती तर सांगणार आहेच, पण भात का चिकटतो आणि का मोकळा होतो हेही सांगणार आहे. कारण समजले म्हणजे बोलणी ऐकणारीला उत्तर देता येते, आणि बोलणारीलाही कुठे थांबावे ते कळते.

मी काही पाकशास्त्राची पंडिता नव्हे. गेली पुष्कळ वर्षे मी डबे देते आणि वसाहतीतील बारशी, साखरपुडे, सत्यनारायण अशा लहानसहान कार्यांचा स्वयंपाक करते. त्यामुळे भात मात्र माझ्या हातून पुष्कळ झाला, आणि पुष्कळ तऱ्हांचा झाला.

तऱ्हांचा म्हणण्याचे कारण आपली ही वसाहतच आहे. शहरातील दाटीवाटीचे गोठे बाहेर हलवावेत आणि मुंबईकरांना चांगले दूध मिळावे ह्या हेतूने १९४९ साली आरे कॉलनी वसवली गेली. त्या कामाचे प्रमुख दारा खुरोडी ह्यांना १९६३ साली वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल ह्यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. म्हशींच्या पाठोपाठ माणसेही चारी दिशांनी इथे आली. गोठ्यांवर काम करणारी उत्तर प्रदेशातील कुटुंबे आली, कोकणातली आणि घाटावरची मंडळी आली, दक्षिणेकडचे शेजारी आले. आणि ह्या सर्वांच्या आधीपासून आपल्या पाड्यांवर राहत आलेल्या वारली भगिनी तर इथल्याच. म्हणजे मंडळाच्या एका सतरंजीवर पाच तऱ्हांचा भात खाणाऱ्या बायका मांडीला मांडी लावून बसतात. कुणाला दाणा दाण्याला लागलेला चालत नाही, कुणाला पेजेवाचून जेवण गोड लागत नाही, कुणाला उकडा तांदूळ हवा. मग ह्यांतला खरा भात कोणता? ह्या प्रश्नाकडे मी शेवटी येणारच आहे. आधी बासमतीचे बघू.

तांदळाच्या दाण्यात मुख्यत्वेकरून पिष्ट असते. ह्या पिष्टात दोन प्रकार एकत्र नांदतात. शास्त्रज्ञ त्यांना अमायलोज आणि अमायलोपेक्टिन म्हणतात. पहिल्याची घडण लांब सरळ दोऱ्यासारखी, दुसऱ्याची फांद्या फुटलेल्या झाडासारखी. पहिला प्रकार पुरेसा असला की शिजलेले दाणे सुटे राहतात. दुसऱ्याचा भरणा फार झाला की दाणे एकमेकांना धरून बसतात. बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असते. जपानी लोकांच्या तांदळात ते कमी असते, म्हणून त्यांचा भात चिकट होतो. त्यांना काड्यांनी उचलून खायचा असल्यामुळे तसाच हवाही असतो. आसामातल्या बोरा तांदळात तर अमायलोज फारच थोडे, त्याचा भात गोळ्यासारखा होतो. आता सांगा, जपानी बाईचा भात चिकटला म्हणून तिला कुणी फुवड म्हणेल काय?

बासमतीचे दुसरे वैशिष्ट्य असे, की शिजताना तो आडवा फारसा फुगत नाही, उभा वाढतो. चांगला बासमती शिजल्यावर लांबीला जवळजवळ दुप्पट होतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २००३ साली काढलेला ‘पुसा ११२१’ हा वाण ह्या बाबतीत सर्वांच्या पुढे गेला. त्याचा शिजलेला दाणा जवळजवळ दोन सेंटिमीटरपर्यंत जातो. लग्नाच्या पंगतीत लांबच लांब शिते दिसतात, ती पुष्कळदा ह्याच वाणाची असतात. बासमतीचा सुवास ज्या द्रव्यामुळे येतो ते शास्त्रज्ञांनी १९८२ साली ओळखून काढले. गंमत अशी, की तेच द्रव्य आपल्या आंबेमोहोरातही असते, आणि केवड्याच्या जातीचे एक झुडूप आपल्यापैकी काही जणी कुंडीत लावून त्याचे पान भातात टाकतात, त्या पानातही असते. म्हणजे सुवास ही काही एकट्या बासमतीची मिरास नाही.

हा तांदूळ मूळचा हिमालयाच्या पायथ्याचा. पंजाबी कवी वारिस शाह ह्यांच्या १७६६ सालच्या ‘हीर’ काव्यात त्याचे नाव येते. १९९७ साली अमेरिकेतील राईसटेक नावाच्या कंपनीने बासमतीच्या काही वाणांवर आणि दाण्यांवर पेटंट मिळवले, तेव्हा भारताने त्याला हरकत घेतली आणि कंपनीला आपले बरेच दावे मागे घ्यावे लागले. पुढे २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळाले. पंजाब, हरयाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीरचा काही भाग, एवढ्याच मुलखात पिकलेल्या तांदळाला आता बासमती म्हणता येते. त्यात महाराष्ट्र नाही, हे मनाशी धरून ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता कृतीकडे वळू.

पहिली गोष्ट तांदळाची निवड. बासमती जुना घ्यावा, निदान वर्षभर ठेवलेला. तांदूळ मुरला म्हणजे दाण्याची घडण घट्ट होते, तो पाणी जास्त पितो आणि फुटत नाही. दिवाळीच्या सुमारास नवा तांदूळ बाजारात येऊ लागतो. तो कितीही उंची असला तरी मऊ आणि चिकट होणार. दुसरे म्हणजे दाणा अखंड पाहावा. दुकानात ‘तिबार’, ‘दुबार’, ‘मोगरा’ अशी नावे ऐकू येतात, ती तुकड्यांच्या लांबीवरून पडलेली आहेत. तुकडे स्वस्त मिळतात, खिरीला आणि खिचडीला उत्तम, परंतु त्यांचा मोकळा भात होण्याची आशा धरू नये. दाणा जिथे तुटतो तिथून त्याचे पिष्ट पाण्यात उतरते, आणि तीच खळ इतर दाण्यांना चिकटवते.

दुसरी गोष्ट धुणे. तांदूळ एकमेकांवर घासून जे पांढरे पीठ दाण्यांना लागलेले असते ते गेले पाहिजे. पातेल्यात पाणी घ्यावे, बोटे हलकेच फिरवावीत, पाणी ओतावे. असे तीन-चार वेळा, पाणी बरेचसे नितळ होईपर्यंत. कपडे चोळतो तसे तांदूळ चोळू नयेत. बासमतीचा दाणा लांब आणि नाजूक असतो, चोळला की मोडतो.

तिसरी गोष्ट भिजवणे. वीस मिनिटे ते अर्धा तास थंड पाण्यात भिजू द्यावेत. एवढ्या वेळात तांदूळ आपल्या वजनाच्या सुमारे पावपट पाणी पिऊन घेतो आणि काचेसारखा दिसणारा दाणा दुधासारखा पांढरा होतो. ह्याचा लाभ असा, की दाण्याच्या गाभ्यापर्यंत ओल पोचलेली असल्यामुळे आत व बाहेर एकदमच शिजते. न भिजवलेल्या दाण्याचा गाभा शिजेपर्यंत बाहेरची बाजू फुटून गिच्च होते. भिजल्यावर तांदूळ रोवळीत किंवा चाळणीत उपसून दहा मिनिटे निथळू द्यावेत. निथळले नाहीत तर त्यांच्याबरोबर किती पाणी पातेल्यात गेले त्याचा हिशेब राहत नाही.

चौथी गोष्ट पाणी, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. भिजवून निथळलेल्या एका वाटी बासमतीला दीड वाटी पाणी पुरते. वाटी न भिजवलेल्या तांदळाची धरावी. जाड बुडाचे पातेले आणि घट्ट बसणारे झाकण हवे. पाण्याला उकळी आणावी, त्यात बेताचे मीठ, चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब घालावेत. तुपाने फेस वर येत नाही, लिंबाने भात पांढराशुभ्र राहतो. मग तांदूळ घालून एकदाच हलक्या हाताने सारखे करावेत.

पाचवी गोष्ट आच. पुन्हा उकळी फुटली आणि तांदळाच्या पृष्ठभागावर लहान लहान भोके दिसू लागली, की आच अगदी मंद करावी आणि झाकण लावावे. दहा ते बारा मिनिटे झाकण उघडू नये, ढवळू तर मुळीच नये. ढवळणे म्हणजे नुकते मऊ झालेले दाणे एकमेकांवर घासून त्यांची खळ काढणे.

सहावी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत विसरली जाणारी, ती म्हणजे थांबणे. आच बंद केल्यावर झाकण तसेच ठेवून दहा मिनिटे भात मुरू द्यावा. तळाला ओल जास्त आणि वर कमी अशी स्थिती असते, ती ह्या वेळात सारखी होते. शिवाय किंचित निवताना दाणा घट्ट होतो. आचेवरून उतरवल्याबरोबर भात उपसला तर चांगला झालेला भातही मोडतो. दहा मिनिटांनी काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने बाजूबाजूने भात सोडवावा. डाव खुपसून मधोमध फिरवू नये.

दुसरी रीत वेळण्याची. भरपूर पाण्याला खळखळून उकळी आणावी, मीठ घालावे, भिजवलेले तांदूळ सोडावेत आणि पाच-सात मिनिटांनी शीत दाबून बघावे. मध्ये बारीक कणी लागली की लगेच पाणी काढून टाकावे, आणि पातेले मंद आचेवर, खाली तवा ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे वाफेवर ठेवावे. बिर्याणीसाठी हीच रीत. इराणातही भात असाच करतात, आणि पातेल्याच्या तळाची खरपूस पापडी पाहुण्यांना मानाने वाढतात. आपण त्याच वस्तूला खरवड म्हणतो आणि पातेले घासणारीला त्रास झाला म्हणून कपाळाला आठ्या घालतो! वेळलेल्या पाण्यात तांदळातील काही जीवनसत्त्वे उतरलेली असतात. ते मोरीत ओतू नये. आमटीत घालावे किंवा मीठ-जिरे लावून प्यावे.

कुकरचे विचाराल तर गर्दीच्या सकाळी त्याच्यासारखा मित्र नाही. पण कुकरमधली उष्णता शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाते, आणि बासमतीचा नाजूक दाणा तिथे चटकन फुटतो. करायचाच असेल तर पाणी कमी घ्यावे, एका शिट्टीवर आच बंद करावी आणि वाफ आपोआप जाऊ द्यावी.

आता मंडळाच्या कामाची एक गोष्ट सांगते. घरी चार माणसांचा भात सुरेख करणारी बाई हळदीकुंकवाच्या जेवणाला चाळीस माणसांचा भात करते आणि त्याचा गोळा होतो. ती म्हणते, मी प्रमाण तर तेच घेतले, एकास दीड! चूक तिथेच असते. पातेल्यातील पाणी दोन वाटांनी जाते. काही तांदूळ पितो आणि काही वाफ होऊन उडून जाते. तांदूळ पितो ते पाणी तांदळाच्या मापाने वाढते. पण वाफ होऊन जाणारे पाणी पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर अवलंबून असते. तांदूळ दहापट झाला म्हणून वाफ दहापट होत नाही. म्हणून एका वाटीला दीड वाटी पाणी लागत असले, तरी दहा वाट्यांना पंधरा नव्हे, साडेबारा-तेरा पुरते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पंगतीचा भात बिघडणार नाही. पन्नास माणसांच्या वर मात्र वेळूनच करावा, कारण त्या रीतीत पाण्याचा हिशेबच राहत नाही.

भगिनींनो, इथवर तुमच्या लक्षात आले असेल, की भात मोकळा होण्याला जी कारणे आहेत त्यांत ‘हाताचा गुण’ हे कारण कुठेच आले नाही. तांदळाची जात आहे, त्याचे वय आहे, दाण्याचे अखंडपण आहे, पाणी आहे, आच आहे आणि वेळ आहे. ह्यांतील निम्म्या गोष्टी तर तांदूळ घरात येण्याआधीच ठरलेल्या असतात. मग तांदूळ आणला कुणी? बहुधा पैसे ज्याच्या हातात असतात त्याने. आणि बोलणी खाल्ली कुणी? जिच्या हातात पातेले असते तिने!

हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच परिसरातील एक नवी सून माझ्याकडे आली. नाव सांगायचे कारण नाही. माहेर तळकोकणातले, उकड्या तांदळाची पेज आणि भात ह्यांवर वाढलेली मुलगी. सासरी रविवारी पाहुणे येत, पुलाव व्हायचा, आणि सर्वांसमोर पातेल्याचे झाकण उघडायची तिथे एक पद्धतच पडली होती. भात चिकटलेला दिसला की हसे व्हायचे. हसणारे म्हणत, आम्ही थट्टा करतो, ती मनावर घेते. पण रोज एकाच माणसाची होते ती थट्टा नव्हे. मुलगी पुढे पुढे सर्वांबरोबर जेवायलाही बसेनाशी झाली. एकटी ओट्याशी उभी राहून दोन घास खायची. अंगाने निम्मी झाली.

मी तिला म्हटले, तुमच्या घरचा वाटीभर तांदूळ घेऊन ये. ती घेऊन आली. ताटात पसरून आम्ही दोघींनी तो निवडला. निम्म्याहून अधिक तुकडे होते, आणि उरलेल्यात दोन जातींचे दाणे मिसळलेले, त्यांतले काही उघडच नव्या पिकाचे. सासऱ्यांनी स्वस्त मिळाला म्हणून मोठी गोणी भरून ठेवली होती, आणि नाव तेवढे बासमती होते. मी माझ्या डब्यातील जुना बासमती दिला, आणि आत्ता सांगितली ती रीत सांगून बाजूला बसून राहिले. एका हाताने, एकाच शेगडीवर, एकाच पातेल्यात तिने आधी त्यांचा आणि मग माझा तांदूळ शिजवला. एकाचा गोळा झाला, दुसऱ्याची शिते मोजून घ्यावीत अशी. मुलगी किती तरी वेळ दोन्ही ताटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, म्हणजे मी नव्हते!”

दुसऱ्या रविवारी तिने ती दोन ताटे घरी मांडली. सासूबाई समजूतदार निघाल्या. त्यांनाही त्यांच्या सासूने असेच छळले होते, आणि त्यांना वाटत होते की सुनेला शिकवायची हीच रीत असते. सासरे काही बोलले नाहीत, पण त्या गोणीचे इडलीचे पीठ झाले. आता ती मुलगी उभ्याने जेवत नाही. माझ्या दृष्टीने त्या दिवशीच्या भाताची खरी फलश्रुती ती.

परंतु एवढ्यावर थांबले तर माझे बोलणे अर्धवट राहील. कारण ऐकणारीला वाटेल की बासमती मोकळा झाला म्हणजे बाई जिंकली. मी विचारते, चिकट भात हा दोष कुणी ठरवला? आपल्याकडे पंगतीत भाताची मूद पडते, तिच्यावर वरण, त्यावर तुपाची धार. मोकळ्या बासमतीची मूद पडते काय? आणि त्यावर वरण घातले तर ते शितांमधून पळून ताटाच्या कडेला जाऊन बसते. आपला वरणभात कालवून खायचा असतो. त्याला मऊ, एकमेकाला धरणारा भातच हवा. मुळशीचा आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ, पालघर जिल्ह्यातला वाडा कोलम, ही आपल्या महाराष्ट्राची रत्ने. ह्या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे, वाडा कोलमला २०२१ साली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणीने तर निम्म्या महाराष्ट्राचे दुपारचे जेवण सांभाळले आहे. इंद्रायणीचा भात मऊ होणारच. तो तिचा धर्म आहे. आणि तळकोकणातील उकडा तांदूळ? भात तुसासकट उकडून मग वाळवून कांडल्यामुळे तुसाखालच्या कोंड्यातील जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात. ज्या पेजेवर ती मुलगी वाढली ती पेज काही गरिबाघरचे उणे अन्न नव्हते.

आणि आपल्या पाड्यांवरच्या भगिनींकडे बघा. आरेत सत्तावीस पाडे आहेत असे सांगतात. ज्यांच्याकडे तुकडाभर जमीन आहे त्या पावसाळ्यात चिखलात उभ्या राहून भाताची लावणी करतात. मुंबईच्या हद्दीत, गाड्यांच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आजही भात पिकतो! वारली लोक धान्याच्या देवीला कणसरी म्हणतात. त्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. ज्या चित्रकलेसाठी जिव्या सोमा म्हसे ह्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तिचा मूळ रंग म्हणजे तांदूळच. आपण भात शिजवतो. ह्या बायका तो पेरतात, लावतात, कापतात, झोडतात आणि मग शिजवतात. त्यांच्या हातच्या जाड्या, लालसर भाताला कुणी नाक मुरडले तर दोष त्या भाताचा नाही, नाकाचा आहे.

रेशनच्या तांदळाबद्दलही दोन शब्द सांगते. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आले. तेव्हापासून आपल्या कित्येक घरांत तांदूळ ‘निवडला’ गेला तो फक्त सुपात. दुकानात निवडण्याची सोय नव्हती. मिळाला त्याचा भात करणाऱ्या त्या आज्यांना कुणी सुगरणीचे पदक दिले नाही. अलीकडे, २०२४ सालापर्यंत, रेशनवर लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलेले दाणे शंभरात एक ह्या प्रमाणात असलेला तांदूळ देशभर पोचवण्यात आला. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे केलेले असतात, रंगाने किंचित वेगळे दिसतात आणि कधी पाण्यावर तरंगतात. पुष्कळ घरांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून टाकले गेले. असे दाणे आढळले तर टाकू नका, आणि असा तांदूळ फार पाण्यांनी धुऊ नका.

उरलेल्या भाताविषयी सावधगिरीचे सांगून कृती संपवते. आपल्या दमट हवेत शिजलेला भात दोन तासांहून अधिक काळ ओट्यावर ठेवू नये. तांदळात एका जिवाणूची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात त्यांची वाढ होते आणि जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात पसरट ताटात निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात करून संपवावा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला भात अधिक सुटा होतो, म्हणून फोडणीला तो ताज्याहून सरस.

शेवटी मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या पाककलेच्या स्पर्धेत भाताला ‘मोकळेपणा’चे जे गुण असतात ते काढून टाकावेत. ज्या जातीचा तांदूळ त्या जातीच्या धर्माप्रमाणे तो झाला की नाही, एवढेच बघावे. दुसरी, पुढील महिन्यात तीन शेगड्यांवर तीन भात करून दाखवण्याचा कार्यक्रम ठेवावा. एकीवर बासमती, एकीवर इंद्रायणी, आणि तिसरीवर पाड्यावरचा भात. तो तिसरा भात पाड्यावरच्या भगिनींनी आम्हांला शिकवावा, आणि त्या दिवशी त्या व्यासपीठावर बसाव्यात. तिसरी सूचना, त्या कार्यक्रमाला प्रत्येकीने आपला मुलगा बरोबर आणावा. पाणी, आच आणि वेळ ह्यांना पुरुषाचा हात चालत नाही असे कुठल्याच शास्त्रात सांगितलेले नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी आहे, एक शीत दाबून बघितले की पातेल्याचे कळते. पण भातावरून बाईची परीक्षा अशी म्हण आपल्या पूर्वजांनीही केली नाही. ती आपण घराघरांत चालवत आलो आहोत, आणि आपणच ती बंद करू शकतो.

आत जेवणाची तयारी झाली आहे. भात बासमतीचा आहे आणि मुरायला ठेवून मला आता पुरती दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा आपली रजा घेते.